परत येणार याचा पुरावा

 

मागच्या व्याख्यानात आपण अनुमान हे प्रमाण घेतलं होतं. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण कशाच्या बळावर म्हणतो, तो विषय. ते संपल्यावर आम्हाला जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला, तो न्यायदर्शनाचा नव्हता. मुलगी जर्मनीला आहे, मुलगा अमेरिकेत आहे, दोन-तीन महिने जाऊन यायचंय, तर पर्यटक व्हिसा कसा मिळतो, असा तो प्रश्न होता. विचार करता आम्हाला वाटलं, हा प्रश्नसुद्धा अनुमानाचाच आहे. म्हणून आज आपण व्हिसाच घेऊ या. फॉर्म कसा भरायचा ते पोरं मोबाइलवर दाखवतील. त्या फॉर्मच्या मागे विचार कोणता आहे ते आपण बघू, आणि त्यातूनच कागद कोणते लागतात आणि का लागतात ते कळेल.

पासपोर्ट आणि व्हिसा यांत आधी फरक करू. पासपोर्ट आपलं सरकार देतं. तो सांगतो, हा माणूस कोण आहे. व्हिसा दुसऱ्याचं सरकार देतं, आणि तिथला खरा प्रश्न तुम्ही कोण आहात हा नसतोच. पर्यटक व्हिसाचा फॉर्म दहा पानांचा असो की वीस, त्यातले निम्मे प्रश्न एकाच प्रश्नाची रूपं असतात: तुम्ही परत जाणार का? नोकरी काय, जमीन किती, घरी कोण आहे, खर्च कोण करणार, यापूर्वी कुठे गेला होता, तिथून वेळेवर आला होता का. सगळी वळणं घेऊन गाडी त्याच स्टँडवर येते.

आता अडचण बघा. परत येणं ही उद्याची गोष्ट. उद्याच्या गोष्टीला पुरावा नसतो. प्रत्यक्ष प्रमाण तिथे चालत नाही. म्हणजे व्हिसा अधिकाऱ्यापुढे एकच वाट उरते, अनुमानाची. चार्वाक अनुमान मानत नाही, त्यामुळे चार्वाकाला त्या खिडकीमागे बसवलं तर तो एकही अर्ज निकाली काढू शकणार नाही. तिथे नैयायिकच लागतो. फक्त तो चांगला नैयायिक असतो का, हे आपण पुढे पाहू.

हे सगळं फार जुनं आहे असं कुणी समजू नये. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना व्हिसा लागला नाही. तिकडच्या कुणीही त्यांना परत कधी जाणार असं विचारून अडवलं नाही. अडवणारे इथे होते. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारीला, त्यांनी श्रीरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण दिलं. नगर जिल्ह्यातलं नव्हे, कलकत्त्याजवळचं श्रीरामपूर. त्या भाषणात त्यांनी लोकांच्या प्रश्नांना एकेक करून उत्तरं दिली. अमेरिकेला कशासाठी जाता? इथे शिकायची सोय नाही का? एकट्या जाणार का? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? तिकडे काही बरंवाईट झालं तर काय कराल? आणि जे कुठल्या बाईनं केलं नाही ते तुम्हीच का करता? तेव्हा त्यांचं वय अठराच्या आसपास होतं. शेवटचा प्रश्न सोडला तर हीच प्रश्नपत्रिका आज वकिलातीच्या खिडकीवर मिळते. प्रवासाचा हेतू, तिकडेच का, बरोबर कोण, आजारपणाची सोय, आणि परत येण्याचं काय. तेव्हा ती निघणाऱ्याला त्याचा समाज विचारत होता. आता पोचणाऱ्याला दुसऱ्याचं सरकार विचारतं.

हा बदल मुख्यतः पहिल्या महायुद्धात झाला. त्याआधी बऱ्याच देशांत कागदाशिवाय जाता-येता येत असे. युद्धात हेर, शत्रू, बंडखोर यांच्या भीतीनं पासपोर्ट सक्तीचे झाले आणि युद्ध संपल्यावरही ते गेले नाहीत. आपल्याकडे १९२० साली पासपोर्टचा कायदा आला. त्याच वर्षी राष्ट्रसंघाच्या वतीनं पॅरिसला परिषद भरली. तिथे पासपोर्टची भानगड पुढे काढून टाकता येईल अशी आशा व्यक्त झाली होती. शंभर वर्षं होऊन गेली, ती आशा तशीच आहे.

हा कागद माणसाला थांबवायलाही कसा वापरता येतो याचं आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे लोकमान्य टिळक. १९१८ साली होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन ते विलायतेला निघाले आणि कोलंबोला पोचल्यावर सरकारनं सगळ्यांचे पासपोर्ट रद्द केले. त्याच वर्षी चिरोलवरच्या खटल्यासाठी त्यांना परवानगी मिळाली. माणूस तोच, प्रवास तोच. खटल्यासाठी चालेल, राजकारणासाठी नाही. 'प्रवासाचा हेतू' हा रकाना किती जड असतो ते यावरून समजावं.

आणि सीमा म्हणजे काय हे येरमाळ्याला कुणी शिकवायची गरज नाही. इथून तासाभराच्या आत बार्शी येते. सप्टेंबर १९४८ पर्यंत बार्शी मुंबई इलाख्यात होती आणि येरमाळा निजामाच्या राज्यात. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. मालावर करोडगिरी म्हणजे जकात. बाजाराला बार्शीला जाणारा माणूस दुसऱ्या राज्यात जात होता. पण करोडगिरीच्या नाक्यावरचा प्रश्न गाडीत काय आहे हा होता. तू परत येणार का, असं बार्शीच्या बाजाराला जाणाऱ्याला कोण विचारणार? रेष होती, शंका नव्हती. शंका ही पुढची पायरी आहे.

आता कायद्याकडे येऊ. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात २१४(बी) नावाचं कलम आहे. व्हिसा नाकारलेल्यांना बाकी इंग्रजी येवो न येवो, हे कलम पाठ असतं. त्याचा मथितार्थ असा, की पर्यटक म्हणून अर्ज करणारा माणूस हा कायमचा राहायलाच आला आहे असं आधी गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे त्यानं अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. कोर्टात आरोपीला गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानतात. इथे उलट आहे. पुरावा देण्याची जबाबदारी सगळी तुमच्यावर. युरोपातले शेंगेनचे २९ देश भाषा थोडी सौम्य वापरतात. मुदत संपण्यापूर्वी तुम्ही निघून जाल याबद्दल वाजवी शंका असेल तर व्हिसा नाकारावा, असं त्यांच्या व्हिसा संहितेत आहे. शंका वाजवी हवी म्हटलंय, हे महत्त्वाचं. पण वाजवी म्हणजे किती, हे तोलणारा काटा त्यांच्याच हातात असतो.

कांटनं १७९५ साली शाश्वत शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो, पृथ्वी गोल आहे, माणसं अनंतापर्यंत पांगू शकत नाहीत, कधी ना कधी एकमेकांच्या दारात येणारच. म्हणून परक्याला निदान भेटीचा हक्क आहे. त्याच्याशी शत्रूसारखं वागू नये. पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क मात्र त्याला आपोआप मिळत नाही, आणि त्याचा जीव धोक्यात येणार नसेल तर त्याला परतही पाठवता येतं. भेटीचा आणि राहण्याचा हा फरक, तोच आजच्या पर्यटक व्हिसाचा पाया म्हणता येईल. पण कांटला भेट हा हक्क वाटत होता, आज ती मेहेरबानी झाली आहे. बाकी कांट स्वतः कोनिग्सबर्ग आणि आसपासचा मुलूख सोडून फारसा कुठे गेला नाही, त्यामुळे त्याला रांगेत उभं राहावं लागलं नाही.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात तेरावं कलम आहे: कुठलाही देश सोडण्याचा आणि आपल्या देशात परतण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. दुसऱ्या देशात शिरण्याचा हक्क त्यात नाही. दाराच्या बाहेर पडता येतं, समोरच्या दारात शिरता येईलच असं नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही १९६७ साली सतवंत सिंग साहनी खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्टचा नवा कायदा झाला, आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात त्या हक्काला आणखी बळ आलं. या हक्कानं तुम्हाला पासपोर्ट मिळतो. २०१७ पासून तर पोस्टातही त्याची केंद्रं निघाली, आपल्या भागातल्या माणसाची सोय झाली. पण हा हक्क विमानतळापर्यंतच सोबत येतो. पलीकडे अर्ज आणि विनंती.

याला अपवाद आहेत. इथल्या कितीतरी जणांचा पहिला परदेश म्हणजे थायलंड. बी-बियाणं आणि खतांच्या कंपन्या कृषी सेवा केंद्रवाल्यांना बक्षीस म्हणून बँकॉक-पट्टायाला नेतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. थायलंडनं १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला. मलेशियानं त्याच वर्षी १ डिसेंबरपासून. हे नियम बदलत असतात, निघताना ताजा नियम बघायचा. त्यांनी आपली परीक्षा का घेतली नाही? आपण एका रात्रीत भरवशाचे झालो म्हणून नव्हे. त्यांना पर्यटक हवे होते. शंका किती घ्यायची हे गरजेवर ठरतं, हे लक्षात ठेवा.

आणि त्याच थायलंडचा नागरिक जेव्हा स्वतः फिरायला निघतो, तेव्हा त्याची गत काय होते? युरोप-अमेरिकेसाठी त्यालाही आपल्यासारखीच बँक स्टेटमेंट आणि नोकरीची पत्रं जोडावी लागतात. जपाननं २०१३ पासून थाई पर्यटकांना पंधरा दिवसांसाठी व्हिसा माफ केला आहे, ती सवलत आपल्याला नाही. दक्षिण कोरियातही त्यांना व्हिसा लागत नाही. पण तिथे असं झालं की बरेच थाई लोक पर्यटक म्हणून गेले आणि शेतात, कारखान्यात कामाला राहिले. थाई भाषेत त्यांना 'छोटी भुतं' अशा अर्थाचं नावच पडलं आहे. त्याचा परिणाम असा, की खरोखर फिरायला गेलेल्या थाई माणसांनाही कोरियाच्या विमानतळावरून परत पाठवलं जाऊ लागलं. २०२३ च्या शेवटी थाई लोक इतके चिडले की कोरियाला जाऊच नका अशी मोहीम समाजमाध्यमांवर चालली. हॉटेल बुक आहे, परतीचं तिकीट आहे, पैसे आहेत, तरी परत जा. का? तर तुझ्यासारखे दुसरे राहिले होते.

इथे आपला न्याय उपयोगी पडतो. धूर आणि अग्नीचं उदाहरण घ्या. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी आहे. जिथे अग्नी तिथे धूर, ही खरी नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. त्या ओल्या सरपणाला नैयायिक उपाधी म्हणतात. आता व्हिसाकडे बघा. ज्याची पक्की नोकरी, मोठी शिल्लक, मागे चार देशांचे शिक्के, तो बहुतेक परत येतो. हे अनुमान आम्ही मान्य करतो. पण त्यावरून 'ज्याच्याकडे हे कागद नाहीत तो परत येत नाही' असं म्हणणं म्हणजे व्याप्ती उलटी करणं. कागद असणं ही ओल्या सरपणासारखी वेगळी गोष्ट आहे. परतण्याची ओढ आतमध्ये असू शकते आणि तिचा धूर कागदावर दिसत नाही. आमच्या मते व्हिसा पद्धतीतला खरा अन्याय इथे आहे. अधिकारी वाईट असतो असं आमचं म्हणणं नाही. त्याला एका माणसाला दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात दिसणारा धूर मोजण्यापलीकडे तो काय करणार?

पण हा अन्याय सगळ्यांवर सारखा पडत नाही. आपल्या भागाचंच बघा. धाराशिव-बीडकडची हजारो कुटुंबं दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, लेकरंबाळं, बैलं बरोबर. आणि कारखान्याचा पट्टा पडला की गावाकडे परत. चैत्री पौर्णिमेला येडाईच्या यात्रेत चुनखडीचे खडे वेचायला लाखो माणसं जमतात, त्यांत ही माणसंही असतात. वीस-वीस वर्षं जाऊन परत आलेली माणसं. परत येण्याचा एवढा मोठा पुरावा मुंबई-पुण्याच्या कुठल्या नोकरदाराकडे आहे? पण तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. 'यापूर्वीचा प्रवास' म्हणजे पासपोर्टवरचे शिक्के. कोयत्याचा शिक्का नसतो.

शेतकऱ्याचं दुखणं थोडं वेगळं. समजा, इथला एक साठीचा शेतकरी आहे. दहा एकर जमीन, सोयाबीन, थोडा ऊस, दोन म्हशी. मुलगी जर्मनीत नोकरीला. याची मुळं इतकी खोल आहेत की तो तीन महिन्यांवर राहणारच नाही, पेरणीच्या आधी घरी यायला तडफडेल. पण कागद बघा. जमीन अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, वारसाचा फेरफार राहिलाय. सातबाऱ्यावर नाव एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरंच. सोयाबीन विकलं त्याची आडतीची पट्टी खिशात होती, ती धुण्यात गेली. पैसे रोख आले, रोख गेले. पासबुकावर वर्षभर एंट्री मारलेली नाही. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून रिटर्न कधी भरला नाही. माणूस शंभर टक्के खरा आणि कागद शून्य.

यावर उपाय असा की आपलं खरं आयुष्य कागदावर उमटवायला आधीपासून सुरुवात करायची. व्हिसासाठी नाही केलं तरी हे करायला हवंच. वारस नोंद करून घ्या. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ आता ऑनलाइन मिळतो, तो काढा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या, नुसता मराठी सातबारा बघून तिकडच्या माणसाला काही बोध होत नाही. ऊसबिल आणि डेअरीचं बिल खात्यात येतं, तेच खातं दाखवा. आडतीची पट्टी जपून ठेवा आणि पैसे खात्यावर घ्या. उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्न भरून त्यात ते दाखवता येतं. तीन-चार वर्षांचे रिटर्न असले की अधिकाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत तुमची शेती त्याच्यासमोर येते. नावांचा गोंधळ मात्र सगळ्यात आधी मिटवा. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव, सासरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव, यात फार अर्ज अडकतात.

आणि जिथे मुलगी किंवा मुलगा खर्च करणार आहे तिथे तसं उघड सांगा. जर्मनीत यजमानानं तिथल्या कार्यालयात जाऊन द्यायचं अधिकृत हमीपत्र असतं. मुलीनं ते दिलं म्हणजे खर्चाचा प्रश्न बराचसा सुटतो. लेकीच्या पैशावर जातोय यात कमीपणा वाटतो काहींना. मग ते काय करतात? मेव्हण्याकडून चार लाख उसने घेऊन अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यावर टाकतात. अधिकारी सहसा मागच्या काही महिन्यांची हालचाल बघतो. वर्षभर चार हजार शिल्लक असलेल्या खात्यात एकाएकी चार लाख आले, तर तो काय अनुमान करेल? इथे त्याची व्याप्ती चुकत नाही.

शेंगेनसाठी ढोबळ माहिती सांगून ठेवतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी केलाच पाहिजे. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी फी ९० युरो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, एक दिवसही जास्त नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणजे इथून रात्रीची गाडी आणि पुणे नाहीतर मुंबई. खुरपं-फावडं धरून ज्यांचे ठसे झिजले आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये. आधी काही दिवस हाताला तेल लावत राहा आणि तिथे स्पष्ट सांगा. अमेरिकेचं वेगळं. डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म, २०२३ पासून फी १८५ डॉलर, आधी ठसे आणि मग मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. ती मराठीत देता येते. इंग्रजी येत नाही म्हणून पाठ केलेली चार वाक्यं म्हणू नका. मराठीत नीट बोला. तिथे कागदांची पिशवी बहुतेक वेळा उघडलीच जात नाही. फॉर्ममधलं आणि तोंडचं जुळतं का, एवढंच ऐकलं जातं.

हे जुळण्याचं आम्ही जरा जोर देऊन सांगतो. एजंट म्हणतो, काका तुम्ही काही बोलू नका, फॉर्म मी भरतो, व्हिसाची गॅरंटी. गॅरंटी देण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? तो फॉर्ममध्ये 'उद्योजक' लिहितो, खोटं हॉटेल बुकिंग जोडतो, तिकडे कुणी नातेवाईक नाही असं टाकतो. खाली सही तुमची असते. ऑनलाइन फॉर्मला सहीऐवजी बटण असतं, पण जबाबदारी तीच. अमेरिकेच्या कायद्यात महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितल्याचं ठरलं तर माणूस कायमचा अपात्र होतो. ब्रिटनमध्ये फसवणुकीला दहा वर्षांची बंदी आहे. युरोपच्या संगणकात तुमचा अर्ज आणि ठसे पाच वर्षं राहतात आणि सगळ्या शेंगेन देशांना दिसतात. खरं सांगून नकार आला तर पुन्हा अर्ज करता येतो. खोट्यानं आलेला नकार पुसता येत नाही.

एक शेवटचं, मग प्रश्न घेऊ. लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आयांना कुणीतरी सांगतं की बाळंतपण बोलू नका, नुसतं फिरायला म्हणा. आम्हाला हे पटत नाही. लेकीजवळ असावं म्हणून आई जाते, हा लपवायचा हेतू आहे का? आईच्या पोटातली ओढ त्या खिडकीमागच्या माणसालाही कळते. लेक बाळंत होणार आहे, मी अमुक दिवस तिच्याजवळ राहणार आहे, जावई खर्च करतो, अमुक महिन्यात मी परत येणार, घरी मालक आणि धाकटा मुलगा आहे. एवढं सरळ सांगावं.

प्रश्न: माझा पासपोर्ट ईसीआर आहे, दहावी झालेली नाही. मला पर्यटक व्हिसा मिळणार नाही का?

तो शिक्का कामासाठी परदेशी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे, विशेषतः आखाती देशांसारख्या ठिकाणी फसवणूक होऊ नये म्हणून. १९८३ च्या कायद्यातून तो आला. त्या यादीत अठरा देश आहेत, जर्मनी आणि अमेरिका त्यात नाहीत. यादीतल्या देशात फिरायला जात असाल तर परतीचं तिकीट जवळ ठेवा. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्यांना तो शिक्का लागू होत नाही, पासपोर्ट नवा करताना काढून घ्या.

प्रश्न: सर, अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला. कागद बघितलेच नाहीत. आता काय करायचं?

२१४(बी)खाली नाकारलं असेल तर त्यावर अपील नाही. नवीन फी भरून नवा अर्ज करता येतो. शेंगेनमध्ये मात्र नकाराचं कारण छापील फॉर्मवर खूण करून देतात आणि दाद मागता येते, तो कागद फेकू नका. तुमच्या बाबतीत आम्ही असं विचारू: दोन अर्जांच्या मधल्या काळात तुमच्या परिस्थितीत काय बदललं? काहीच बदललं नसेल तर लगेच तिसरा अर्ज म्हणजे तोच धूर पुन्हा दाखवणं. वर्षभर थांबा. जमिनीचा फेरफार राहिला असेल तो करा, रिटर्न भरा. जमलं तर मधल्या काळात मुलाबरोबर थायलंडला किंवा मलेशियाला आठ दिवस जाऊन या आणि वेळेवर परत या. पुढच्या अर्जात ते येईल.

प्रश्न: आणि तिसऱ्यांदाही नाही म्हटलं तर?

तर तिकिटाचे पैसे मुलाला पाठवायला सांगा, आणि त्यालाच येऊ द्या. चैत्रात बोलवा, यात्राही होईल. त्याला इकडे यायला कुणी विचारणार नाही. तो जर तिकडचा नागरिक झाला असेल तर मात्र त्यालाही आपल्या सरकारकडून ओसीआय कार्ड नाहीतर व्हिसा घ्यावा लागेल, हे त्याला आत्ताच कळवून ठेवा.